आईचे फिरते स्वयंपाकघर : पेट्रोल की डिझेल?

जुनी कॅम्परव्हॅन घ्यायची तर तिचे इंजिन पेट्रोलचे असावे की डिझेलचे, हा वाद आमच्या घरात दीड-दोन महिने चालला. एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला माझे वडील, आणि जिच्यासाठी ही गाडी घ्यायची होती ती माझी आई आम्हा दोघांच्या मध्ये बसून गवार मोडत होती. आमचे घर लंडनच्या वायव्येस हॅरो या उपनगरात आहे. आई आणि आण्णा जयसिंगपूरला असतात आणि अधूनमधून उन्हाळ्यात चार-पाच महिने आमच्याकडे येतात.

गाडीची कल्पना निघाली ती त्यांच्या पहिल्या भेटीतून. २०२२ च्या उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेने त्यांना लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात घेऊन गेले होते. विंडरमिअरच्या काठी हॉटेलातील दोन खोल्या घेतल्या, तीन दिवस डोंगर दाखवले, तळी दाखवली, बोटीत बसवले. आईचे नियम मला ठाऊक नव्हते असे नाही. कंदमूळ चालत नाही, हॉटेलचे अन्न चालत नाही, पाणी गाळलेले हवे आणि सूर्य मावळल्यावर काही घ्यायचे नाही. परंतु सोबत डबे घेतले म्हणजे भागेल, असे मी धरून चालले होते. डबे पहिल्याच दिवशी संपले. उरलेले दोन दिवस आईने चुरमुऱ्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी यांवर काढले. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, उलट सरोवर पाहून फार आनंद झाल्याचे पुन्हा पुन्हा सांगितले. घरी परतल्यावर मात्र चपला काढून, हातपाय धुऊन ती सरळ ओट्याशी गेली, आमटी-भात टाकला आणि सायंकाळच्या उन्हात खिडकीशी बसून जेवली. तिला किती भूक लागली होती, हे तिने कधीच सांगितले नाही. तिचे जेवण पाहून मला ते कळले, आणि मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

कॅम्परव्हॅन म्हणजे स्वयंपाकघर बरोबर घेऊन फिरणारी व्हॅन. आत दोन माणसे झोपतील असे उलगडणारे बाक, एका कडेला छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, थंड पेटी, आणि छत वर उचलले की आणखी दोघांची झोपायची सोय. नवी घ्यायची तर तिची किंमत ऐकूनच माणूस खाली बसतो. आमच्या हाती चौदा हजार पौंड होते. तेवढ्यात वीस-एक वर्षांची जुनी गाडी येते, आणि जुनी म्हटली की सगळ्यात पहिला प्रश्न इंजिनाचा.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आई-आण्णा पुन्हा आले तेव्हा मी जाहिरातींची यादी करून ठेवली होती. यादीत पेट्रोल आणि डिझेल दोन्ही होते. आण्णांनी चष्मा लावून ती वाचली, पेन मागून घेतले आणि पेट्रोलच्या सगळ्या गाड्यांवर एकेक रेघ मारली.

त्यांचा हा अधिकार आम्ही कोणी नाकारत नाही. जयसिंगपूरला आण्णांचे इंजिनदुरुस्तीचे दुकान होते. शिरोळ तालुक्यातील मळ्यांत विहिरीचे आणि नदीचे पाणी उचलणारी डिझेल इंजिने त्यांच्या हाताखालून गेलेली. वीज येईल तेव्हा येईल, पण हँडल मारले की इंजिन सुरू झाले पाहिजे आणि उसाला पाणी पोहोचले पाहिजे, यावर त्या काळी शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असे. आमच्या घराची फरशी, माझे कॉलेज, माझ्या भावाचे लग्न, सगळे त्या धडधडीतून आलेले आहे. डिझेलविषयी कोणी वावगे बोलले की आण्णांना ते घरच्या माणसाविषयी बोलल्यासारखे वाटते.

त्यांनी मला कारणे समजावून सांगितली. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण साधारण नऊ ते अकरा पट दाबले जाते आणि मग स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते. तेवढ्या दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून डिझेलचा फवारा येताच ते आपोआप पेट घेते. म्हणून डिझेलला प्लग नाही, ठिणगी नाही, पावसाळ्यात ओल लागून बंद पडणे नाही. दाब सोसायचा म्हणून ब्लॉकपासून क्रँकपर्यंत सगळे जाडजूड. कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ मिळते, म्हणून सामान भरलेली व्हॅन चढावर कुरकुरत नाही. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलहून दहा-पंधरा टक्के अधिक ऊर्जा असते, त्यामुळे तेवढ्याच तेलात गाडी अधिक लांब जाते. “ओझ्याच्या कामाला डिझेल, आणि मिरवायला पेट्रोल,” असे ते म्हणाले. यातील शेवटचे वाक्य सोडले तर एकही गोष्ट खोटी नव्हती. आजही तीन-साडेतीन टनांची मोठी घरगाडी घेऊ म्हटले तर बाजारात बहुतेक सगळ्या डिझेलच्याच मिळतात, आणि ते योग्यच आहे.

माझी अडचण वेगळी होती. इंजिन चांगले की वाईट यापेक्षा आम्ही ते कोठे चालवणार, हे मला आधी पाहायचे होते.

लंडनमध्ये अतिअल्प उत्सर्जन क्षेत्र आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते शहराच्या सर्व उपनगरांना लागू झाले आणि आमचे हॅरो त्यात आले. जी गाडी ठरलेल्या मर्यादेत बसत नाही, ती त्या क्षेत्रात ज्या दिवशी रस्त्यावर येईल त्या प्रत्येक दिवसाचे साडेबारा पौंड भरावे लागतात. दारात उभी असेल तर काही नाही. पेट्रोल गाडीला ‘युरो ४’ ही पातळी पुरते, जी साधारण २००६ पासूनच्या गाड्यांत असते आणि कित्येक त्याआधीच्याही गाड्यांत असते. डिझेल गाडीला मात्र ‘युरो ६’ लागते, म्हणजे ढोबळमानाने सप्टेंबर २०१५ नंतरची गाडी. दोन्हींत दहा वर्षांचे अंतर. २०१५ नंतरची डिझेल कॅम्परव्हॅन आमच्या पैशांत येणे शक्य नव्हते. म्हणजे आमच्यासमोर खरी निवड होती ती जुने पेट्रोल आणि दंड भरणारे जुने डिझेल यांच्यातील.

आण्णांना तोंडी वाद पटत नाही, आकडे पटतात. म्हणून मी वहीत हिशेब मांडला. वर्षाला आम्ही आठ हजार किलोमीटर फिरू असे धरले. पाहिलेल्या गाड्यांपैकी पेट्रोलची लिटरला नऊ किलोमीटर देणारी, डिझेलची साडेबारा. म्हणजे पेट्रोल सुमारे ८९० लिटर, डिझेल ६४० लिटर. त्या आठवड्यात आमच्या पंपावर पेट्रोल १ पौंड ४५ पेन्सला आणि डिझेल १ पौंड ५१ पेन्सला होते. पेट्रोलचे वर्षाचे १,२९० पौंड, डिझेलचे ९६६. डिझेलने वाचले ३२४ पौंड. आता साडेबारा पौंडांप्रमाणे सव्वीस दिवसांचे होतात ३२५. सहलीला निघण्याचा एक दिवस आणि परतण्याचा एक दिवस, म्हणजे वर्षात तेरा सहली झाल्या की डिझेलची बचत संपली. मध्येच कधी शाळेत, बाजारात, दवाखान्यात गाडी नेली तर तो तोटा वेगळाच.

आण्णांनी वही उलटीसुलटी केली. मग म्हणाले, “गाडी हद्दीबाहेर ठेवायची.”

हाही उपाय लोक करतात. पण सत्तरीची आई, तिचे गुडघे, पिठाचे डबे आणि कुकर घेऊन आधी दुसऱ्या गाडीने हद्दीपर्यंत जायचे आणि मग व्हॅनमध्ये बसायचे, हे त्यांनाच बोलून झाल्यावर पटेना.

दुसरा मुद्दा छोट्या फेऱ्यांचा होता. अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. साठलेली काजळी जाळून ही गाळणी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, म्हणजे गाडी बऱ्यापैकी वेगात काही वेळ सलग चालली पाहिजे. दोन मैल शाळा, दोन मैल परत, अशा चालीत ती तापतच नाही आणि हळूहळू बुजते. काही जण कंटाळून ती काढूनच टाकतात. २०१४ पासून मात्र येथील वार्षिक तपासणीत ही गाळणी जागेवर नसेल तर गाडी नापास होते. जुनी डिझेल घेणाऱ्याने ही गोष्ट अवश्य पाहावी. जो लंडनबाहेर राहतो, दर आठवड्याला दोन-तीनशे किलोमीटर सलग गाडी चालवतो, वर्षातून एकदा स्पेनपर्यंत जातो, त्याने माझे काही ऐकू नये आणि खुशाल डिझेल घ्यावे.

एका संध्याकाळी मी पडद्यावर वाचत होते ते मोठ्याने वाचून दाखवले. डिझेलची गाडी फार दिवस उभी राहिली तर टाकीच्या तळाशी थोडे पाणी साचते, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात. त्यांची साय धरून नळ्या तुंबतात. आईचा गवार मोडणारा हात थांबला.

“डिझेलमध्ये जीव?”

“डिझेलमध्ये नाही, खालच्या पाण्यात,” आण्णा म्हणाले. “म्हणून तर मी दुकानात गाळून घालत होतो.”

“तुम्ही कचऱ्यासाठी गाळत होता.”

ते खरे होते. दुकानात डिझेल दुपदरी मांजरपाटातून गाळल्याखेरीज आण्णा कोणत्याही टाकीत ओतू देत नसत. घरी आई तसेच दुपदरी पांढरे फडके हंड्यावर धरून पाणी गाळत असे. लहानपणी मला दोन्ही कामे एकच वाटत आणि मी शाळेतून आले की दोन्हीकडे फडके धरायला उभी राहत असे. “मग त्यावर काय करतात?” आईने विचारले. टाकीत औषध टाकतात, असे मी म्हटले. कसले औषध, हे तिने विचारले नाही. जीव वाढलेल्या ठिकाणी टाकायचे औषध कसले असणार, हे तिला समजले. टाकी भरलेली ठेवली आणि पाणी वेळेवर काढले तर हा प्रसंगच येत नाही, असे आण्णांनी तिला नीट समजावले. न्यायाने सांगायचे तर उभ्या गाडीत पेट्रोलही खराब होते. येथे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओल धरते, आणि जुन्या गाडीला हे मिश्रण चालते की नाही हे आधी तपासावे लागते. आईने दोन्ही बाजू ऐकल्या आणि गवार पुन्हा मोडायला घेतली. त्या दिवसानंतर मात्र आण्णांनी माझ्या यादीवर रेघा मारणे बंद केले.

मी एक गोष्ट वहीत लिहिली नव्हती. माझ्या आठ वर्षांच्या लेकीला दम्याचा त्रास आहे आणि तिच्या दप्तरात निळा पंप असतो. लंडनच्या आग्नेय भागात, सतत वाहत्या मोठ्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. ती बातमी वाचली तेव्हा माझी लेक चार वर्षांची होती. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे. हे सगळे मला आण्णांना सांगता आले असते. पण ज्या माणसाने आयुष्यभर त्या धुरात उभे राहून मला शिकवले आणि ज्याचा खोकला आम्ही सगळे ‘दुकानाचा खोकला’ म्हणून ओळखतो, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? पेट्रोल म्हणजे निर्मळ, असेही नाही. ते जाळल्यावरही लिटरमागे सव्वादोन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि आमच्या हिशेबात पेट्रोलचे लिटर अधिक होते. त्या बाबतीत डिझेल उजवेच ठरत होते. म्हणून मी गप्प राहिले आणि त्यांच्या आवडीची एक डिझेल गाडी पाहायला जायचे कबूल केले.

गाडी लंडनपासून तासाभरावर एका गावात होती. १९९८ ची, जपानहून आलेली, अडीच लिटरची टर्बो डिझेल. आतली मांडणी सुरेख, ओटा आईच्या उंचीचा, किंमत आमच्या अंदाजाहून दोन हजार पौंडांनी कमी. मालक वयस्क आणि गोड बोलणारा. आण्णांनी कोणाशी बोलण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवला. मग मला मराठीत म्हणाले, “तापवून ठेवलंय. गार होऊ दे म्हणावं, आम्ही परत येतो.”

आम्ही नदीकाठच्या बाकावर थर्मासमधला चहा पीत दोन तास काढले. जुने इंजिन नेहमी थंड असताना सुरू करून पाहावे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तापलेले इंजिन आपले दोष झाकते. परतलो तेव्हा बॉनेट गार झाले होते. आण्णांनी आधी तेलाचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला पांढरट साय आहे का ते पाहिले, पाण्याची पातळी पाहिली, रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी होज दोन बोटांनी दाबून पाहिला आणि मग चावी फिरवायला सांगितले.

इंजिन चौथ्या प्रयत्नाला लागले. मागून करडा धूर निघाला आणि अंगणाच्या भिंतीला लागून आमच्याकडे वळला. माझी लेक गाडीच्या मागच्या दारातून आतला ओटा पाहण्यासाठी टाचा उंच करून उभी होती. ती खोकली. आधी एकदा, मग थांबेना. मी तिला घेऊन फाटकाबाहेर गेले, पंप दिला. मागे वळून पाहिले तर आण्णांचा एक हात अजून त्या होजवर होता आणि नजर आमच्याकडे होती. त्यांनी मालकाला हाताने खूण करून इंजिन बंद करायला लावले.

परतीच्या वाटेवर बराच वेळ ते बोलले नाहीत. मग इंजिनाविषयी सांगितले. थंड इंजिनावर मिनिटभरात तो होज दगडासारखा कडक झाला होता, म्हणजे सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो आहे. हेडचे गॅस्केट गेले आहे किंवा हेडलाच तडा आहे.

“दुरुस्त होईल का?” माझ्या पतींनी विचारले.

“मी चार दिवसांत करीन. हेड उतरवायचं, तपासून घ्यायचं, गॅस्केट नवीन टाकायचं. काही अवघड नाही.” मग खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, “मळ्यात इंजिन मोकळ्यावर असतं. धूर वाऱ्यावर जातो, आणि मागं कोणी उभं नसतं.” थोड्या वेळाने म्हणाले, “ते पेट्रोलचं बघ की कुठं आहे ते.”

मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. आईने पुढच्या आसनावरून मागे हात केला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. तसे ती आमच्यासमोर कधी करत नाही.

पेट्रोलची गाडी तिसऱ्या आठवड्यात मिळाली. २००५ ची टोयोटा अल्फार्ड, २.४ लिटर, जपानहून आणून येथे कॅम्परव्हॅन केलेली. याच गाडीत तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिनही येते, पण त्याला टायमिंगचा पट्टा असतो आणि तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. २.४ ला साखळी आहे, म्हणून आण्णांनी तीच धरली. आयात गाडीच्या कागदांवर उत्सर्जनाचा आकडा पुष्कळदा नसतो, त्यामुळे ती शुल्कमुक्त आहे असे मालकाने तोंडी सांगितले तरी पुरत नाही. आम्ही नंबर टाकून खात्री करून घेतली. सरकारी संकेतस्थळावर कोणत्याही गाडीच्या वार्षिक तपासण्यांचा इतिहास फुकट पाहता येतो, तोही पाहिला. आण्णा टॉर्च घेऊन गाडीखाली आडवे झाले. जपानी गाड्यांना इंग्लंडच्या हिवाळ्यातील मीठ टाकलेल्या रस्त्यांची सवय नसते, त्यामुळे येथे आल्यावर खालून मेणासारखा लेप दिलेला नसेल तर पत्रा लवकर गंजतो. लेप होता. अंगावरची माती झटकत ते उठले आणि म्हणाले, “घे.” रात्री ऊब देणारा हीटर मात्र तिच्यात नव्हता. डिझेल गाडीत तो टाकीतल्याच डिझेलवर चालतो आणि सहज मिळतो, पेट्रोलवर चालणारा शोधावा लागला आणि महागही पडला. आईच्या गुडघ्यांसाठी तो घेतला.

जूनमध्ये आम्ही निघालो. माझ्या पतींना रजा नव्हती, म्हणून आम्ही चौघेच. पहिला मुक्काम लेस्टरला केला. तेथील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे, जुन्या चर्चच्या इमारतीत उभे राहिलेले आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झालेले जैन मंदिर आईला कधीचे पाहायचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी विंडरमिअर आले. त्याच सरोवराच्या काठी, मागे राहिलो होतो त्या हॉटेलपासून फार लांब नाही अशा तळावर, आईने व्हॅनचे सरकते दार उघडे ठेवून कुकर लावला. मुगाची आमटी, भात, भोपळ्याची भाजी. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. “आई, अजून तीन तास ऊन आहे, सावकाश कर,” असे मी म्हटले, पण तिने साडेसहालाच पाने वाढली. शेजारच्या तंबूतील बाई वासाने चौकशी करत आली. तिला वाटीभर आमटी मिळाली.

अँबलसाइडहून कर्कस्टोन खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याला तिथले लोक ‘द स्ट्रगल’, म्हणजे धडपड, असे म्हणतात. खिंड ४५४ मीटर उंचीवर आहे. त्या चढावर आमच्या गाडीने खालचा गिअर धरला, इंजिन ओरडू लागले, आणि मागे तीन गाड्या साठल्या. आण्णा पुढे बसले होते. मी त्यांच्याकडे पाहायचे टाळत होते. “डिझेलनं हा चढ गाणं म्हणत काढला असता,” ते म्हणाले. मी काही बोलले नाही. चढ संपला तेव्हा त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

सगळ्या प्रवासाचा हिशेब त्यांनी स्वतःच्या वहीत ठेवला आहे. लिटरला ८.७ किलोमीटर. माझ्या अंदाजाहून कमी, हे त्यांनी मला तीन वेळा दाखवले. हॅरोला परतल्यावर एका रविवारी त्यांनी वरचे आवरण काढून चारही स्पार्क प्लग बदलले. आयुष्यात त्यांनी प्लग बदलले होते ते फक्त स्वतःच्या लूनाचे. जुने चार प्लग त्यांनी रॉकेलऐवजी इथल्या कसल्याशा द्रावणाने पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि सप्टेंबरमध्ये परत जाताना बॅगेत कपड्यांच्या तळाशी घातले. भावाने दुकानाचा फोटो पाठवला आहे. फळीवर नोझलांच्या डब्याशेजारी ते चार प्लग ओळीने उभे आहेत, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते कोठले आहेत हे आण्णा विचारल्याशिवायच सांगतात.